ॲन हचिन्सन आणि तिच्या घरची सभा

स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे, असा भगिनींचा आग्रह झाला तेव्हा प्रथम आपल्याकडच्याच थोर स्त्रिया डोळ्यांसमोर आल्या. परंतु त्यांची चरित्रे आपण नेहमी ऐकतो, वाचतो. म्हणून या खेपेस मी मुद्दाम दूरदेशची, जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीची एक बाई निवडली आहे. ती राणी नव्हती, कवयित्री नव्हती, तिने एकही पुस्तक लिहिले नाही. पंधरा मुलांची आई, हाताला यश असलेली सुईण, अशी ती संसारी बाई. शेजारच्या बायकांना आठवड्यातून एकदा घरी बोलावून ती धर्माच्या गोष्टी बोलत असे. एवढ्यावरून प्रकरण असे वाढत गेले की, तिला भर न्यायसभेत उभे करून देशोधडीला लावण्यात आले. तिचे नाव ॲन हचिन्सन. अमेरिकेत आपल्या घराण्याचा शोध घेणारी पुष्कळ माणसे मागे जाता जाता या बाईपाशी पोहोचतात आणि तिची वंशज म्हणवून घेण्यात अभिमान मानतात.

ॲनचे माहेरचे आडनाव मारबरी. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात ॲलफर्ड नावाचे बाजारगाव आहे, तेथे 20 जुलै 1591 रोजी तिचा बाप्तिस्मा झाला. वडील फ्रान्सिस मारबरी हे चर्चचे धर्मोपदेशक होते, परंतु स्वभावाने फार सडेतोड. अडाणी आणि अपुऱ्या शिक्षणाचे लोक धर्मोपदेशक म्हणून नेमले जातात, असे त्यांनी उघडपणे सांगितले. त्याबद्दल 1578 साली लंडनच्या बिशपने त्यांची चौकशी केली आणि त्यांना तुरुंगात टाकले. पुढे मारबरींनी त्या चौकशीतील सवाल-जवाब आठवून लिहून काढले. ॲनच्या जन्माच्या सुमारासही त्यांच्यावर पुन्हा बंदी आली होती. त्यामुळे वडील घरी आणि मुले त्यांच्याभोवती, असे तिचे बाळपण गेले. त्या काळी मुलींना शाळेची दारे बंद असत. ॲन शिकली ती घरीच, बायबल आणि वडिलांची ती जुनी हकीकत ऐकत. अधिकारी माणसाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कसे द्यावे, हे या मुलीला लहानपणीच कळले असावे असे मला वाटते.

1605 साली हे कुटुंब लंडनला गेले. 1611 मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी, 9 ऑगस्ट 1612 रोजी, ॲनचे लग्न ॲलफर्डच्याच विल्यम हचिन्सन या कापडाच्या व्यापाऱ्याशी झाले. म्हणजे माहेर आणि सासर एकाच गावचे. विल्यम हा शांत, सरळ आणि बायकोवर मनापासून माया करणारा माणूस. इंग्लंडमध्ये असताना तिला चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी एक मुलगा तान्हेपणीच गेला, आणि 1630 साली सुझना आणि एलिझाबेथ या दोन मुली लागोपाठ गेल्या. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या बाळाला ठेवण्याची तेथे रीत होती. म्हणून या घराण्याच्या वंशावळीत विल्यम दोनदा येतो आणि सुझनाही दोनदा येते. कागदावर ती नुसती दोन नावे दिसतात. परंतु ज्या आईने तेच नाव पुन्हा ठेवले, तिच्या मनाची अवस्था आपण बायकांनी ओळखावी.

ॲलफर्डपासून वीस मैलांहून अधिक अंतरावर बोस्टन नावाचे बंदराचे गाव आहे. तेथे जॉन कॉटन नावाचे नामांकित प्रवचनकार होते. ॲन आणि विल्यम इतका लांबचा प्रवास करून त्यांची प्रवचने ऐकायला जात. कॉटन हे प्युरिटन पंथाचे होते. इंग्लंडच्या चर्चमधील उरलासुरला थाटमाट आणि विधी काढून टाकून धर्म शुद्ध करावा, असे हे पंथीय म्हणत, आणि राजाचा त्यांच्यावर रोष होता. 1633 साली कॉटन यांना देश सोडून अमेरिकेत जावे लागले. हचिन्सनांचा थोरला मुलगा एडवर्ड याला आईवडिलांनी त्याच वर्षी पुढे पाठवले. दुसऱ्या वर्षी, 1634 मध्ये, उरलेल्या दहा मुलांना घेऊन हे जोडपे ग्रिफिन नावाच्या जहाजाने निघाले. धाकटी सुझना अजून वर्षाचीही झालेली नव्हती.

सप्टेंबर 1634 मध्ये ते मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील बोस्टन येथे उतरले. इंग्लंडमधल्या बोस्टनचेच नाव या नव्या गावाला दिलेले होते. गाव अवघे चार वर्षांचे. विल्यमचा व्यापार चांगला चालला, त्याने मोक्याच्या जागी घर बांधले. रस्त्याच्या पलीकडे जॉन विन्थ्रॉप यांचे घर होते. विन्थ्रॉप हे वसाहतीचे पुढारी आणि अनेकदा निवडून आलेले गव्हर्नर. पुढे जे घडले ते असे समोरासमोरच्या दोन घरांत घडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ॲन बाळंतपणे करण्यात निष्णात होती. डॉक्टर दुर्मीळ, आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला मज्जाव. त्यामुळे गावातल्या घरोघरी तिची ये-जा सुरू झाली. अडलेल्या बाईच्या उशाशी रात्र रात्र बसून ती धीर देई आणि देवाच्या कृपेविषयी बोले. रविवारचे प्रवचन ज्यांना ऐकता आले नाही, किंवा ऐकूनही उमगले नाही, अशा बायका तिच्याकडे येऊ लागल्या. बायकांनी जमून प्रवचनावर बोलण्याची चाल बोस्टनमध्ये ती येण्याआधीपासूनच होती. ॲन आरंभी अशा ठिकाणी जात नसे, तेव्हा ती गर्विष्ठ आहे अशी कुजबुज झाली. मग तिने स्वतःच्याच घरी बायका जमवल्या. हळूहळू साठ-साठ माणसे येऊ लागली. बायकांचे पाहून त्यांचे नवरेही येऊ लागले, आणि पुरुषांसाठी आठवड्यात आणखी एक बैठक ठेवावी लागली. हेन्री व्हेन नावाचा तरुण गव्हर्नर 1636 साली निवडून आला होता, तोही तिच्या बाजूचा होता.

आता या बैठकीत एवढे स्फोटक काय होते? प्युरिटनांची श्रद्धा अशी की, मोक्ष कोणाला द्यायचा हे ईश्वराने आधीच ठरवले आहे आणि तो केवळ त्याच्या कृपेने मिळतो. परंतु आपल्यावर ती कृपा झाली आहे हे ओळखायचे कसे? बहुतेक धर्मोपदेशक सांगत की, माणसाचे वागणे शुद्ध, नियमाने चालणारे असले की ती त्याची खूण समजावी. ॲनचे म्हणणे असे की, बाहेरचे वागणे कोणीही नीट ठेवू शकतो. खरी खूण अंतरात असते आणि ती देव आणि माणूस या दोघांनाच ठाऊक. जे बाह्य आचारावर भर देतात ते कृपेचा नव्हे तर कर्माचा मार्ग सांगतात, आणि कॉटन व तिच्या नणंदेचे यजमान जॉन व्हीलराइट यांच्याखेरीज बहुतेक सारे उपदेशक तसेच करतात. संतांचे अभंग म्हणत वाढलेल्या आपल्या माणसांना हा वाद फार परका वाटू नये. मात्र तिथली अडचण निराळी होती. त्या वसाहतीत चर्चचा सभासद असेल त्यालाच मत होते, आणि सभासद कोणाला करायचे हे त्याच्या आचरणाची व अनुभवाची पारख करून ठरे. पारख करणारांनाच पारख नाही, असे एका बाईने म्हणणे म्हणजे राज्याच्या पायालाच हात घालणे होते.

मे 1637 च्या निवडणुकीत विन्थ्रॉप पुन्हा गव्हर्नर झाले. व्हेन इंग्लंडला परत गेला. धर्मोपदेशकांची परिषद भरली आणि एका बाईने पुष्कळ जणांना शिकवण्याच्या अशा सभा बंद व्हाव्यात, असे तिने ठरवले. ॲनने सभा बंद केल्या नाहीत. व्हीलराइट यांना हद्दपार करण्यात आले, आणि नोव्हेंबर 1637 मध्ये ॲनला न्यूटाउन येथे न्यायसभेपुढे बोलावण्यात आले. बोस्टनमध्ये तिच्या बाजूचे लोक फार, म्हणून सभा नदीपलीकडे. यालाच पुढे केंब्रिज हे नाव मिळाले.

ॲन तेव्हा 46 वर्षांची होती. खोलीभर पुरुष, त्यांत तिचा एकही वकील नाही. विन्थ्रॉप हेच फिर्यादी आणि हेच न्यायाधीश. प्रकृती बरी नाही असे चेहऱ्यावर दिसू लागले तेव्हा कोठे तिला बसण्याची परवानगी मिळाली. तिने प्रथम विचारले की, माझ्यावर आरोप काय आहे? आईवडिलांचा मान राखावा अशी देवाची आज्ञा आहे, राज्यकर्ते हे प्रजेचे आईबाप, आणि त्यांच्या विरोधकांना साथ देऊन तू ती आज्ञा मोडलीस, असा युक्तिवाद विन्थ्रॉप यांनी केला. तिने बायका जमवण्यास धर्मग्रंथात आधार काय असे विचारले गेले, तेव्हा वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे, असे सेंट पॉलने टायटसला लिहिलेल्या पत्रात आहे, हे तिने दाखवून दिले. शिवाय स्त्रीने शिकवणे योग्य नाही असे म्हणता, मग या सभेने मला प्रश्न विचारून माझ्याकडून शिकायचे कशासाठी, असाही टोला तिने लगावला. उपदेशकांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली, ती मागच्या वर्षी खासगी बैठकीत झालेल्या बोलण्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मागणी केली की, त्यांनी ही साक्ष शपथेवर द्यावी. साक्षीदार चाचरू लागले. कॉटन यांनीही तिच्या बाजूने चार शब्द सांगितले. खटला ढिला पडतो की काय, असे वाटू लागले.

आणि नेमके याच वेळी ॲन मनातले बोलून गेली. ईश्वर आपल्याला साक्षात् प्रचीती देतो, आपल्यावर आलेले संकट तो निवारील आणि छळ करणारांना त्याचे फळ मिळेल, असे ती म्हणाली. ती आणखी तासभर गप्प बसती तर? असा विचार वाचताना माझ्या मनात पुष्कळदा आला. परंतु ज्या प्रचीतीसाठी ती दोन दिवस उभी होती, तीच झाकून ठेवून सुटणे तिला जमले नसते. न्यायसभेला हवे ते मिळाले. हद्दपारीची शिक्षा ठरली. विरोधात दोघांनीच हात वर केले. मला कशासाठी घालवता, असे तिने शेवटी विचारले. ते सभेला ठाऊक आहे आणि सभेचे समाधान झाले आहे, एवढेच उत्तर तिला मिळाले.

तो हिवाळा तिला मुलाबाळांपासून दूर, रॉक्सबरी गावी परक्याच्या घरात नजरकैदेत काढावा लागला. उपदेशक येत, तिची मते तपासत. मार्च 1638 मध्ये बोस्टनच्या चर्चमध्ये तिची दुसरी चौकशी झाली. विल्यम तेव्हा नवी जागा शोधायला दक्षिणेकडे गेलेला. आईच्या बाजूने बोलणाऱ्या मुलाला आणि जावयालाही चर्चने ठपका दिला. ज्या कॉटन यांच्यासाठी तिने समुद्र ओलांडला, त्यांनीही या वेळी तिच्यावर उलटून कठोर शब्द ऐकवले. तिला चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले, म्हणजे आपल्या भाषेत वाळीत टाकले. ती उठून दाराकडे निघाली, तेव्हा मेरी डायर नावाची तिची तरुण मैत्रीण उठली, तिचा हात धरला आणि दोघी मिळून बाहेर पडल्या. एवढ्या मोठ्या सभेत उठून हात धरणारी ती एकटीच.

त्या वसंतात जमिनीवर बर्फ असताना ॲन मुलांसह पायी निघाली आणि कित्येक दिवस चालून ऱ्होड आयलंडकडे पोहोचली. रॉजर विल्यम्स या आधी हद्दपार झालेल्या उपदेशकाच्या मदतीने विल्यम आणि त्याच्या सोबत्यांनी नॅरागॅन्सेट लोकांकडून ॲक्विडनेक बेट घेतले होते. तेथे पोर्ट्समथ गाव वसले. ॲन या काळात गरोदर होती. मे महिन्यात तिची मोकळीक झाली ती भलत्याच रीतीने. आज डॉक्टर ज्याला द्राक्षगर्भ म्हणतात, तसा तो प्रकार होता. विन्थ्रॉप यांनी त्याची बारीक चौकशी केली आणि ही तिच्या पाखंडाची देवाने दिलेली शिक्षा आहे, असे लिहून ठेवले. मेरी डायर हिचे मृत जन्मलेले मूल तर पुरलेल्या जागेतून उकरून पाहण्यात आले. बायकांच्या देहाचे दुःख असे पुराव्यासाठी वापरले गेले. या साऱ्या हकीकतीत मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच.

काही काळाने बोस्टनच्या चर्चची माणसे पोर्ट्समथला येऊन विल्यमला समजावू लागली. चर्चपेक्षा आपण आपल्या बायकोशी अधिक बांधलेलो आहोत आणि ती देवाची प्रिय सेविका आहे असे आपण मानतो, असे त्याने त्यांना सांगून टाकले. घरदार, व्यापार, प्रतिष्ठा सोडून बायकोबरोबर निघालेल्या या माणसाचे इतिहासात फार नाव नाही. मला मात्र तो विसरता येत नाही.

विल्यम 1641 च्या सुमारास वारला. मॅसॅच्युसेट्सवाले ऱ्होड आयलंडही ताब्यात घेतील अशी धास्ती होती. म्हणून 1642 मध्ये ॲन धाकट्या मुलांना घेऊन डच वसाहतीत गेली. आज तो भाग न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स विभागात येतो. परंतु तेथे निराळीच आग पेटली होती. डच गव्हर्नर कीफ्ट याच्या हुकुमाने फेब्रुवारी 1643 मध्ये आश्रयाला आलेल्या मूळ रहिवाशांवर रात्री हल्ला करून, बायकामुलांसह शंभराहून अधिक माणसे मारण्यात आली होती. त्याचा सूड म्हणून आसपासच्या जमाती उठल्या. ऑगस्ट 1643 मध्ये सिवानॉय लोकांनी हल्ला केला आणि ॲन, तिची सहा मुले व एक जावई मारले गेले. ज्याने आग लावली तो दूर राहिला आणि होरपळले ते भलतेच. बोस्टनमध्ये मात्र पुष्कळांनी हाही देवाचा न्याय मानला.

नऊ वर्षांची सुझना तेवढी जिवंत राहिली. तिला सिवानॉय लोकांनी नेले आणि आपल्यात वाढवले. काही वर्षांनी तिची सुटका झाली, तेव्हा ती आपली भाषा विसरली होती आणि परत यायला राजी नव्हती, अशी नोंद खुद्द विन्थ्रॉप यांनीच केली आहे. 1651 मध्ये जॉन कोल याच्याशी तिचे लग्न झाले आणि तिला अकरा मुले झाली.

आता वंशाचा हिशेब करू. पंधरा अपत्यांपैकी तीन इंग्लंडमध्ये गेली, सहा आईबरोबर गेली, सहा उरली. थोरला एडवर्ड बोस्टनलाच राहून मोठा झाला. क्वेकर पंथाचे लोक हद्दपारीनंतर परत आल्यास त्यांना फाशी द्यावी, असा कायदा 1658 मध्ये तेथे झाला, तेव्हा विरोध नोंदवणाऱ्या दोघा सभासदांत हा एक होता. त्याच वर्षी ॲनची धाकटी बहीण कॅथरीन स्कॉट हिला क्वेकर म्हणून बोस्टनमध्ये फटके मारण्यात आले. आणि 1 जून 1660 रोजी त्याच कायद्याने मेरी डायर फासावर गेली. जिने हात धरला होता, तीच ही.

एडवर्डचा पणतू, म्हणजे ॲनचा खापरपणतू, थॉमस हचिन्सन. काळाची गंमत अशी की, तो इंग्रज राजाच्या वतीने मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. 1765 मध्ये करविरोधी जमावाने त्याचे घर फोडले आणि त्याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाची हस्तलिखित पाने रस्त्यावरच्या चिखलात फेकली. एका शेजारी धर्मोपदेशकाने ती वेचून दिली. 1767 मध्ये तो खंड छापून निघाला आणि त्याच्या शेवटी थॉमसने आपल्या खापरपणजीच्या खटल्यातील सवाल-जवाब जोडले. वडिलांनी स्वतःची चौकशी लिहून ठेवली होती. मुलीने काहीच लिहिले नाही, तिचे शब्द टिकले ते तिला शिक्षा करणाऱ्या न्यायसभेत लिहिले गेले म्हणून आणि घरातल्याच एकाने ते छापले म्हणून.

पुढे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि बुश पितापुत्र हेही तिच्याच वंशवृक्षावर निघाले. 1922 मध्ये बोस्टनच्या राज्यभवनासमोर तिचा पुतळा आला, शेजारी लहानगी सुझना. न्यूयॉर्कजवळच्या एका नदीला तिचे नाव आहे. आणि 1987 मध्ये, साडेतीनशे वर्षांनी, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी तिची हद्दपारी अधिकृतपणे रद्द केली.

आपल्याकडच्या बहुतेक कुलवृत्तांतांत मुलाचा वंश पुढे चालतो आणि मुलीचे नाव लग्नापाशी थांबते. ॲनचे वंशज शोधणारे मात्र एडवर्डइतक्याच आस्थेने सुझनाची अकरा मुले आणि फेथ व ब्रिजेट या मुलींची घरेही मोजतात. तसे मोजले नसते तर या बाईचे अर्धे गोत हरवले असते. आपापल्या घरी आजीला, मावशीला तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, गेलेल्या मुलांची नावे आजच विचारून वहीत लिहून ठेवावीत, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.

आणि दुसरे एवढेच. बायका जमून काय बोलतात, असे आपल्याला अजूनही हसत हसत विचारले जाते. एका गावाच्या सत्तेला त्या बोलण्याची इतकी भीती वाटली की, तिने एका सुईणीला बर्फातून चालायला लावले. मंडळाच्या सतरंजीवर आपण दर आठवड्याला निर्धास्त बसतो, तेव्हा त्या घराची आणि तेथे जमणाऱ्या बायकांची आठवण ठेवावी.